बोडीत लाल पिल्लांचा थवा दिसून रायला, खाली मोठा मासा आहे. मरळ आहे का? ठेवू का काढू?

बोडीवाला_अर्जुनी
नमस्कार मंडळी, माशाबद्दल विचाराचं आहे, ज्याले माहीत असन त्यानं जरा खुलून सांगजा.

आमची शेतात अर्ध्या एकराची बोडी, म्हणजे लहान तळं आहे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आज्यानं धानासाठी बांधलेली. आतापर्यंत तिच्यातून फक्त बांध्यायले, म्हणजे धानाच्या खाचरायले पाणी जाये, यंदा म्हटलं मासे पण टाकून पाहू म्हणून रोवणा झाल्यावर रोहू-कतल्याचं बीज आणून सोडलं. आता झालं असं का बोडीच्या ज्या कोपऱ्यात देवधान (पाण्यातलं जंगली धान) अन कमळाची पानं दाट आहेत तिथं पाण्यावर बारीक बारीक लाल-केशरी पिल्लांचा गोळा दिसला, दुरून तर पाण्यावर कोणी तिखट सांडलं असंच वाटलं, जवळ जाऊन पाहतो तं सारं हलून रायलं. सगळे मिळून वर येतात, पाण्यावर बारीक बुडबुडे होतात अन पुन्हा खाली. मी काठी घातली त्यात, तं खालून काळा मासा असा जोरानं आला का काठीले धडकच मारली. हातभर तरी असन. बाबा म्हणतात मरळ आहे, गरी लाव अन काढ, बाजारात रोहूपेक्षा दुप्पट भाव भेटते.

माझे प्रश्न असे का मी तं मरळ टाकलीच नाही, मे महिन्यात बोडी पूर्ण आटली होती, तळाले भेगा पडल्या होत्या, मंग ही आली कुठून? अन ही माझं टाकलेलं बीज खाऊन टाकन का? मारून टाकू का राहू देऊ? पैसे लागले आहेत बीजाले म्हणून विचारून रायलो.

ढिवर_साकोली
भाऊ मरळच आहे, दुसरं काही नाही. लाल पिल्लांचा गोळा अन खाली राखण करणारा मोठा मासा म्हटलं का मरळ. बाकी सगळ्या गोठी नंतर, पहिली गोठ आता ऐका, आज-उद्या गरी लावू नका. बाबायले पण सांगा.

काहून का या दिवसात मरळ धरणं सगळ्यात सोपं आहे अन तेच वाईट आहे. पिल्लं अंगाखाली असतात तेव्हा मरळ जागा सोडत नाही, बेडूक येवो, साप येवो, तुमची काठी येवो, जे थव्याजवळ येईल त्याच्या अंगावर ते जाते. गरीवर बेडूक लावून त्या लाल गोळ्यात सोडला का भूक असो नसो, हाकलायले म्हणून ते तोंड मारते अन फसते. दोन मिनिटांत मासा हातात. पण मंग वर ते पिल्लं उघडे पडतात. त्यायले राखणारं कोणी राहत नाही, अन बोडीत खाणारे काय कमी आहेत का, पाण्यातले किडे आहेत, दुसरे मासे आहेत, बगळे आहेत, पाणकावळे आहेत. एक मरळ काढली म्हणजे तुम्ही किलोभर मासा घेतला अन शेकडो मासे घालवले.

आमच्या घरी मासेमारी पिढ्यांपासून आहे, माझे बाबा लाल गोळा दिसला का त्या बाजूनं जाळंच टाकत नसत. आता मच्छीमार संस्थेतले नवे पोट्टे तेच शोधत फिरतात, मोबाईलवर व्हिडिओ काढतात का पाहा कशी धरली, मले ते पाहून जीव जळते.

बारकाईनं पाहजा, तिथं बहुतेक दोन मासे असन. जोडी असते. अंडे द्यायच्या आधी हे दोघं मिळून पाणवनस्पतीत गोल जागा साफ करतात, तोंडानं देठं तोडतात, अन त्या मोकळ्या जागेत पाण्यावर पिवळे अंडे तरंगतात. ते अंडे बुडत नाहीत. पिल्लं निघाले का मंग त्यायले घेऊन फिरतात, थवा पुढं सरकला का माय-बाप खालून सरकतात. तुमची बोडी लहान आहे, रोज सकाळी दूर बसून पाहा, पाहासारखी गोठ आहे.

बोडीवाला_अर्जुनी
दादा एवढं माहीत नव्हतं. बाबायले वाचून दाखवलं, ते गप्प झाले, म्हणे आमच्या लहानपणी पण म्हातारे असंच म्हणत. पण आली कुठून ते कोणी सांगा ना, आटलेल्या बोडीत?

झुऑलॉजी_मास्तर_ब्रह्मपुरी
याचं उत्तर मी देतो, हा माझ्या फार आवडीचा मासा आहे आणि दरवर्षी मुलांना शिकवताना मी याच्यावर अडकून बसतो.

मरळ (चन्ना स्ट्रायटा, १७९३ साली ब्लॉख नावाच्या जर्मन वैद्याने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून हिचं शास्त्रीय वर्णन केलं) हा मासा कल्ल्यांवर जगतच नाही असं म्हटलं तरी चालेल. हिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला दोन पोकळ्या असतात आणि त्यांच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मासा वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो, ती हवा त्या पोकळीत जाते आणि तिथून ऑक्सिजन सरळ रक्तात. मोठ्या मरळीला हे करावंच लागतं, तिला वर येण्यापासून अडवलं तर ती स्वच्छ भरपूर पाण्यातसुद्धा गुदमरून मरते. जाळ्यात रात्रभर पाण्याखाली अडकलेली मरळ सकाळी मेलेली निघते ती याच कारणाने, ढिवर दादा सांगतीलच. तुम्हाला थवा एकदम वर येऊन बुडबुडे करताना दिसतो तेही हवा घेणंच आहे. अगदी बारीक असताना पिल्लांचं कल्ल्यांवर भागतं, ती हवेची पोकळी तयार झाली की वर येणं सुरू होतं, आणि सगळे एकदम वर येतात म्हणजे बगळ्याला एकट्या पिल्लावर टपून बसता येत नाही.

आता हवा घेता येते म्हटल्यावर दोन रस्ते उघडतात. एक, बोडी आटत आली की मरळ चिखलात खाली शिरते आणि अंग व ती पोकळी ओली राहील एवढा ओलावा असेल तोपर्यंत अंगातल्या चरबीवर पडून राहते, उन्हाळ्यात गाळ उपसताना फावड्याला जिवंत मरळ लागते ती हीच. दोन, ती जमिनीवरून जाते. पाऊस पडत असताना, बहुतेक रात्री, ओल्या गवतातून अंग डावीकडे-उजवीकडे झटकत सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात.

तुमच्या बोडीला भेगा पडल्या होत्या म्हणता, म्हणजे तळ फार कोरडा झाला होता, त्यामुळे माझा अंदाज दुसऱ्या रस्त्याचा आहे. तुमच्या भागात पाण्याची सगळी रचनाच अशी आहे की वरती मालगुजारी तलाव (जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातले), त्याचा सांडवा आणि पाट, खाली बोड्या, त्याखाली बांध्या, आणि पावसाळ्यात हे सगळं एकच पाणी होऊन जातं. कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, नवेगाव बांधचा एवढा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, आणि धानासाठी बांधलेल्या या साखळीत मासे शेकडो वर्षं वर-खाली फिरत आले आहेत. पहिल्या मोठ्या पावसात धुऱ्यावरून पाणी वाहायला लागलं की मासे त्या धारेला उलटे चढतात. एक जोडी आली तरी पुरे.

सावलीची_लेक
मास्तर अगदी बरोबर. आमच्याकडे सावली तालुक्यात मिरगाचा पाऊस झाला का बाया-पोरं कंदील घेऊन बांधीत जातात, मी पण लहानपणी गेली आहे आईसोबत, धुऱ्यावर हातभर लांब मरळ सरपटताना डोळ्यानं पाहिली आहे, पाणी नाही काही नाही, नुसतं ओलं गवत. आई म्हणे हिला पायाखाली दाबू नको, पोटात अंडे आहेत. दिली सोडून बांधीत.

एक सांगायचं राहते ताटातलं, मरळीला बारीक काटे नसतात, मधला काटा काढला का सरळ मांस, म्हणून लहान लेकरांना आणि बाळंतिणीला आमच्याकडे मरळच देतात. जवसाची भुकणी लावून तिखट रस्सा करतात. बाकी मासे असले तरी आई मरळीसाठी वेगळी हांडी ठेवायची.

कतला_चंद्रपूर
सगळे मरळीचं कौतुक करत आहेत पण प्रश्न विचारणाऱ्याचे पैसे बीजात अडकले आहेत हे कोणी बोलत नाही. मी शेततळ्यात रोहू-कतला-मृगळ करतो, मला हिशोब पाहावा लागतो. मरळ, शिंगी, मागूर, शिवडा हे सगळे मांसाहारी मासे, यांच्यासोबत कार्पचं, म्हणजे रोहू-कतल्याचं, बारीक बीज टाकणं म्हणजे त्यांना चारा टाकणं. मत्स्य विभागाचं ट्रेनिंग झालं त्यात पहिला धडाच हा का तळं तयार करताना आधी हे मासे काढा. आपल्या भागात त्याला सोपा उपाय आहे मोहाची ढेप, टोरीचं म्हणजे मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरते ती. त्यात सॅपोनिन नावाचं द्रव्य असते, त्यानं माशाच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात अन मासा मरतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचा जोर उतरते अन तीच ढेप तळ्याला खत होते. प्रमाण हेक्टरी, एक मीटर पाणी असल्यास, २००० ते २५०० किलो. भाऊच्या अर्ध्या एकराला, म्हणजे ०.२ हेक्टरला, मीटरभर पाणी धरलं तर ४०० ते ५०० किलो लागेल. ते मासे खायला चालतात. मंग नवीन बीज टाका अन निर्धास्त राहा.

ढिवर_साकोली
कतला भाऊ, तुमचं शेततळं खोदलेलं आहे, प्लास्टिक अंथरलेलं असन, तिथं तुमचा हिशोब बरोबर. पण हे बोडी आहे. त्यात देवधान आहे, कमळ आहे, झिंगे, बेडूक, बारीक गावरान मासे सगळं आहे, अन पावसाळा चालू असताना ढेप टाकली तं सांडव्यावरून ते पाणी खालच्या लोकांच्या बांध्यात जाणार. अन ढेप निवडून मारत नाही, यानं जे रोहू-कतला आत्ता सोडले तेच पहिले मरतील, मरळ तं नंतर. म्हणजे पैसे वाचवायले निघाले अन पैसेच गेले. ढेप उन्हाळ्यात, पाणी कमी असताना, बीज टाकायच्या आधीचं काम आहे, अन बोडीत तं मी तेव्हाही नाही म्हणन.

बोडीवाल्या भाऊले विचारतो, बीज केवढं होतं? जिरे म्हणजे अगदी बारीक होते, का बोटाएवढी बोटुकली? सगळं त्यावर आहे. मरळ घास तोडून खात नाही, अख्खा गिळते, म्हणून जेवढा मासा तिच्या तोंडात मावते तेवढाच खाते. वनस्पतीत गप उभी राहते, हलत नाही, अन समोरून काही गेलं का एकदम झेप घालून तोंड उघडते, पाण्यासकट आत. पाठलाग करत तळंभर फिरणारा मासा नोहे ते. तुमचं बीज मोकळ्या पाण्यात राहिलं, कतला तं वरच्या पाण्यातच फिरते, अन चार-पाच इंचाच्या वर गेलं, तं एका जोडीपासून त्याले फार धोका नाही.

बोडीवाला_अर्जुनी
बोटुकली म्हणूनच दिलं होतं दादा, मी बोट लावून पाहिलं होतं, तीन इंच तरी होतं. आता वाढलं असन, सकाळी कोंडा टाकला का वर येतात तेव्हा दिसतात, बरेच आहेत.

कतला भाऊ राग नका मानू, ढेप नाही टाकत, खालच्या बांधीवाल्यांसोबत वर्षानुवर्षाचं पाणी आहे आमचं.

कतला_चंद्रपूर
राग कशाचा. तीन इंच असेल तर ठीक आहे, मी जिरे समजून बोललो, बरेच लोक स्वस्त म्हणून जिरेच आणतात अन मरळ असलेल्या तलावात ओततात. पण पुढच्या वर्षी तीनशे पिल्लं मोठी झाली मग काय कराल ते पण सांगा कोणीतरी. मी विरोधासाठी विचारत नाही.

झुऑलॉजी_मास्तर_ब्रह्मपुरी
तीनशे होत नाहीत हो. अंडी हजारात असतात, पण एका बोडीत त्यातली शेवटी फारच थोडी उरतात, आणि उरलेल्यांना कमी करायचं बरंचसं काम मरळ स्वतःच करते. पिल्लं सुरुवातीला पाण्यातले सूक्ष्म जीव खातात, मग किड्यांच्या अळ्या, आणि जसजशी लांबी वाढते तसं एकमेकांना. भावंडांत जे लवकर वाढलं ते मागे पडलेल्याला गिळतं. मरळ पाळणाऱ्यांना हीच सगळ्यात मोठी अडचण येते, आकाराप्रमाणे सारखी निवड करून वेगवेगळ्या टाक्यात ठेवावी लागते, नाहीतर टाकीत शेवटी थोडेच आणि धष्टपुष्ट मासे उरतात.

दुसरं म्हणजे शिकारी मासा आहे म्हणून तळ्याचं नुकसानच असं नसतं. तुमच्याकडे तिलापिया हा परदेशी मासा शिरला आहे का पाहा, आजकाल सगळीकडे शिरतो. तो वर्षभर पिल्लं काढतो आणि तळं बारीक तिलापियाने भरून जातं, एकही वाढत नाही. थायलंड-मलेशियाकडे तिलापियाच्या तळ्यात हीच मरळ मुद्दाम थोडी सोडतात, ती तिलापियाची पिल्लं खाते आणि उरलेल्यांना वाढायला जागा मिळते. हीच मरळ म्हणजे अगदी हीच जात, पाकिस्तानपासून इंडोनेशियापर्यंत पसरलेली आहे.

वैनगंगा_पवनी
मी नदीवरचा माणूस, तलावाचं मले कमी समजते, पण वर शिवड्याचं नाव मरळीसोबत एका ओळीत आलं म्हणून लिहितो. दोघं शिकारी असले तरी स्वभाव पार वेगळा. शिवड्याले खवलेच नाहीत, गुळगुळीत चपटं अंग, तोंड डोळ्याच्या मागपर्यंत फाटलेलं अन आत बारीक दातांच्या रांगा, बोट घातलं तं सोलून काढते. दिवसा डोहात पडून राहते अन रात्री फिरून शिकार करते. अन मुख्य म्हणजे शिवडा पिल्लं राखत नाही. पुराच्या पाण्यात, कडेचं गवत-शेत बुडालेलं असते तिथं उथळात अंडे टाकून निघून जाते.

म्हणून त्याची गोठ मरळीपेक्षा अवघड झाली. मरळीले एक बोडी पुरते, शिवड्याले नदी पाहिजे, पूर पाहिजे, वर चढायले रस्ता पाहिजे. गोसीखुर्दचं धरण आमच्या पवनीजवळच आहे, धरणात पाणी भरपूर, मासा पण आहे, पण खाली पूर पहिल्यासारखा कडेवर पसरत नाही अन वर जायले भिंत आहे. आमच्या म्हाताऱ्यांनी पुरुषभर शिवडे काढलेले, आता दोन-तीन किलोचा भेटला तरी सगळे पाहाले येतात. जगातल्या धोक्यातल्या प्राण्यांची जी आययूसीएनची यादी असते त्यात शिवडा आता ‘असुरक्षित’ मध्ये आहे, मरळ अजून तिथं नाही.

नदीत मरळीची मोठी जात पण आहे, चन्ना मारुलियस. तिच्या शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा काळा ठिपका अन अंगावर पांढरे ठिपके. तीन-चार फूट होते, डोहात राहते. ती आता फार कमी दिसते, लहानपणी मले वाटे हीच मरळीची माय.

सिरोंचा_प्राणहिता
आमच्या इकडे नदीपलीकडे तेलंगणा, तिकडे मरळीला कोर्रामीनू म्हणतात आणि तो त्यांचा राज्य मासा आहे. शेतकरी टाक्यात पाळतात, खाण्याचं तयार दाणं खायची सवय बारीक असतानाच लावतात. भाव एवढा की आमच्या बाजारातली मरळ सकाळीच पलीकडे जाते, ओल्या पोत्यात घालून, जिवंत.

एक विचारायचं होतं मास्तरांना. हैदराबादला मिरगाला दम्यासाठी जिवंत मरळीचं पिल्लू औषध घालून गिळायला देतात, आमच्या गावातले लोक पण जातात. खरंच फरक पडतो का? आणि दुसरं, थंडीत मरळीच्या अंगावर लाल जखमा होतात, मांस दिसतं इतक्या, ती खायची की नाही? मागच्या हिवाळ्यात आमच्या तलावात खूप निघाल्या तशा.

झुऑलॉजी_मास्तर_ब्रह्मपुरी
दम्याचं स्पष्ट सांगतो, त्या उपायाने दमा बरा होतो याचा काही वैद्यकीय पुरावा नाही. जायचं तर जा, पण डॉक्टरचा पंप बंद करू नका, त्यातून जीवावर बेततं. जखम भरायला, ऑपरेशननंतर मरळ खायला द्यायची पद्धत आपल्याकडे आहे तशीच मलेशिया-इंडोनेशियात आहे, तिथे तिच्या अर्कावर बराच अभ्यास चालू असतो. चांगलं प्रथिन आहे, पचायला हलकं आहे, तेवढ्यासाठी बाळंतिणीला जरूर द्या.

जखमांचं मात्र लक्ष देऊन वाचा. तो रोग आहे, ईयूएस (एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, म्हणजे माशांमधली व्रणांची साथ) म्हणतात, ॲफॅनोमायसिस इन्व्हाडन्स नावाच्या बुरशीसारख्या जीवाने होतो. तो कातडीतून आत मांसात शिरतो आणि खोल व्रण पडतात. भारतात १९८८ मध्ये ईशान्येकडून आला आणि मग देशभर पसरला, आणि सगळ्यात जास्त मार बसला तो मरळीच्या जातीला आणि गावरान बारीक माशांना. पावसाळा संपून पाणी थंड व्हायला लागलं की दिसतो. माणसाला हा रोग लागत नाही, पण जखम झालेला मासा लवकर सडतो आणि जखमेत दुसरे जंतू असतात, म्हणून मोठे व्रण असलेला मासा खाऊ नका आणि परत पाण्यात पण फेकू नका, लांब खड्ड्यात पुरा. तलावात चुना टाकल्याने फायदा होतो. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्य संशोधन संस्थेने सिफाक्स नावाचं औषध काढलं आहे, हेक्टरभर मीटर पाण्याला लिटरभर, तुमच्या तालुक्याच्या मत्स्य अधिकाऱ्यांना विचारून घ्या. आणि आजारी तलावातलं जाळं दुसऱ्या तलावात न्यायचं असेल तर कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच न्या, हे एवढं केलं तरी पुष्कळ वाचतं.

नागपूर_चा_पोट्टा
यूट्यूबवर पाहिलं की अमेरिकेत या माशावर बंदी आहे, राक्षस मासा म्हणतात, जमिनीवर चालून येते आणि सगळं खाऊन टाकते. मग आपण इथं वाचवत का आहोत?

झुऑलॉजी_मास्तर_ब्रह्मपुरी
ती चीनकडची जात आहे, चन्ना आर्गस. २००२ मध्ये मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात सापडली, कोणीतरी बाजारातून आणलेली जिवंत सोडून दिली होती, तिने तिथे पिल्लं काढली आणि मग सरकारने अख्ख्या तळ्यात विष टाकलं. त्याच वर्षी त्यांनी या कुळातल्या सगळ्या जातींची आयात बंद केली. दोनच वर्षांनी पोटोमॅक नदीत ती सापडलीच. तिथे ते योग्य आहे, कारण त्या पाण्यातल्या माशांना असला शिकारी माहीतच नाही. आपल्या तलावात मात्र मरळ, बेडूक, झिंगे, बारीक मासे हजारो वर्षं एकत्र वाढले आहेत, इथली परकी आहे ती थाई मागूर, जिच्यावर आपल्याकडे बंदी असूनही लोक चोरून पाळतात. व्हिडिओ बनवणाऱ्याला या सगळ्याचं काही देणंघेणं नसतं.

आणि या कुळाची गंमत सांगतो, केरळात जमिनीखालच्या पाण्यातून सापडलेल्या, मरळीच्या नात्यातल्या एका लांब, बारीक, पार वेगळ्याच माशाचं २०१९ मध्ये शास्त्रीय वर्णन झालं, एनिग्माचन्ना, त्याच्यासाठी पुढे वेगळं कुळच करावं लागलं. विहिरी-भाताच्या खाचरांतून येतो. आपल्याच देशात, आपल्या पायाखाली असा मासा होता.

सावलीची_लेक
मास्तर, आमच्या ओढ्यात बोटभर-वीतभर मरळीसारखाच मासा असतो, ढोक म्हणतो आम्ही, त्याची पिल्लं लाल गोळा करून फिरत नाहीत. ती मरळीचीच लहान पोरं का?

झुऑलॉजी_मास्तर_ब्रह्मपुरी
नाही ताई, ती वेगळी जात, चन्ना गाचुआ असावी, परांना केशरी कड असेल तर तीच. तिचा नर अंडी आणि नंतर पिल्लंही तोंडात धरून राखतो. मरळीसारखं घरटं करत नाही. वाहत्या ओढ्यात अंडी तरंगत सोडली तर वाहून जातील, म्हणून.

सावलीची_लेक
तोंडात! आता ओढ्यावर गेली का पाहते.

बोडीवाला_अर्जुनी
सगळ्यायले खूप धन्यवाद, एवढं कोणी सांगन असं वाटलं नव्हतं. बाबा अन मी ठरवलं का यंदा तिले हात लावाचा नाही. काल पाहिलं तं खरंच दोन मासे आहेत दादा, एक थव्याखाली अन दुसरा जरासा बाजूले कमळाखाली. पाणकावळा उतरला होता तं एकानं खालून पाणी असं उडवलं का तो उडालाच.

फक्त एक सांगा, पिल्लं केव्हापर्यंत राखते अन मंग धराची असन तं केव्हा, कशी? बाबाले एक तरी पाहिजेच आहे. अन बेशरमाची झुडपं वाढली आहे एका बाजूनं, ती काढू का, का तिच्यात पण मरळ राहते?

ढिवर_साकोली
वाचून बरं वाटलं भाऊ, बाबायले माझा नमस्कार सांगजा.

महिना-दीड महिना राखते. पिल्लांचा रंग पाहत राहा, लाल आहे तोपर्यंत हात नाही. बोटाएवढे होत आले का लाल जाऊन काळपट-हिरवट रंग येते, थवा विस्कटते, एकेक पिल्लू कडेच्या गवतात आपली जागा धरते. मंग माय-बाप मोकळे. तरी मी म्हणन यंदा राहूच द्या, धराची तं माघ-फाल्गुनात पाणी उतरल्यावर धरा, तेव्हा अंडे-पिल्लं काहीच नसते अन मासा पण भरलेला असते. गरीले बेडूक नाहीतर गांडूळ लावून संध्याकाळी वनस्पतीच्या कडेले ठेवा. किलोच्या आतली सोडून द्याजा, मोठ्यातल्या पण सगळ्या काढू नका, जोडी ठेवा. बोडी आटाले लागली का उरलेल्या वरच्या तलावात नेऊन सोडा, बालटीत थोडं पाणी अन वर ओलं पोतं एवढ्यात आरामात जातात, झाकण मात्र घट्ट बांधजा, उडी मारतात.

बेशरम काढा, बिनधास्त. मुळासकट, अन कापलेले तुकडे पाण्यात राहू देऊ नका, तुकड्यातून पुन्हा फुटते. तिच्या खाली दुसरं काही उगवत नाही. ती गेली का जागा मोकळी होते तिथं देवधान अन पाण्याखालचं गवत आपोआप येते, नाही आलं तं वरच्या तलावातून आणून लावता येते, आमच्याकडे काही गावांनी तलावात तसं केलं अन गावरान मासा परत आला. फक्त आत्ता काढू नका, पिल्लं त्या बाजूनं फिरत असतील, पोळा होऊ द्या. अन गवत्या मासा (ग्रास कार्प) कोणी फुकट दिला तरी बोडीत टाकू नका, ते सगळी वनस्पती खाऊन टाकते, मंग पुढच्या पावसात मरळ आली तरी अंडे कुठं देईल.

सांडव्याले बारीक जाळी लावली आहे का? रोहू-कतला जोराच्या पावसात तिथूनच निघून जाते, मरळ खाईल त्याच्या दहापट. बांबूची ताटी लावून घ्या या हप्त्यात.

बोडीवाला_अर्जुनी
ताटी नाही लावली दादा. उद्याच बांबू तोडतो.